‘अनुशेष’ कोणाचा? : लातूर-नांदेड परिसर, दलित आत्मकथने आणि नोकरीतील जातीय विशेषाधिकार

प्रस्तावना

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने भूक, अवहेलना आणि शिक्षणासाठीची धडपड या तीन सूत्रांच्या आधारे केला आहे. ही सूत्रे महत्त्वाची आहेतच. परंतु त्यांच्या भरात या लेखनातील नोकरीचे प्रकरण सहसा अलक्षित राहते. नायक शिकतो, नोकरीला लागतो आणि वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. जणू पगार सुरू झाला की जातीचा प्रश्न मिटला. प्रत्यक्षात या आत्मकथनांत नोकरी हा कथेचा शेवट नसून एका नव्या परीक्षेचा आरंभ आहे.

प्रस्तुत लेखात प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या लातूर परिसराशी निगडित तीन आत्मकथनांचा, तसेच कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) या आत्मपर लेखनाचा या दृष्टीने विचार केला आहे. अमेरिकेत गोऱ्या वर्णाचा विशेषाधिकार या नावाने जी चर्चा झाली, तिचा या वाचनास कितपत उपयोग होतो आणि तो कोठे थांबतो, हेही येथे तपासले आहे.

१. ‘विशेषाधिकार’ ही संकल्पना

अमेरिकेतील स्त्री-अभ्यासाच्या अभ्यासक पेगी मॅकिन्टॉश यांनी १९८८ व १९८९ साली केलेल्या लेखनातून गोऱ्या वर्णाच्या विशेषाधिकाराची संकल्पना विद्यापीठीय चर्चेत रुजली. त्यांचा मुद्दा साधा होता. वंशभेदाचा विचार करताना काळ्या माणसाच्या वाट्याला काय दुःख येते, एवढेच पाहिले जाते. गोऱ्या माणसाला न मागता काय मिळते, हे पाहिले जात नाही. ज्याला ते मिळते त्याला ते दिसत नाही, कारण ते त्याला हवेसारखे स्वाभाविक वाटते.

ही दृष्टी लातूर-नांदेडच्या अभ्यासकाला परकी वाटण्याचे कारण नाही. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले आणि १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ लिहून काळ्यांच्या साहित्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. तुलनेची ही वाट मराठीत जुनी आहे. मात्र या वाटेने आजवर प्रामुख्याने दुःखाची तुलना झाली; सोयीची तुलना राहून गेली.

२. मराठवाडा आणि ‘अनुशेष’

मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनात ‘अनुशेष’ हा शब्द फार जिव्हाळ्याचा आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात येताना १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात शासकीय सेवेत वाटा देण्याचे आश्वासन दिले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये मराठवाड्यासह मागास विभागांना राज्याच्या सेवेत पुरेशी संधी देण्याचा उल्लेख आहे. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोल तपासण्यासाठी समिती नेमली गेली आणि पुढील वर्षी तिने विभागवार अनुशेष आकड्यांत मांडला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळ आले. त्याची मुदत २०२० मध्ये संपली.

या मागणीमागचा युक्तिवाद ध्यानात घेण्याजोगा आहे. मराठवाड्यातील मुलगा पुण्याच्या मुलापेक्षा कमी बुद्धीचा नाही. त्याच्या मागे शाळा, रस्ते, पाणी, ओळखी आणि भांडवल नव्हते. म्हणून केवळ गुणांची तुलना न करता मागील पिढ्यांची तूट मोजली पाहिजे आणि ती भरून काढली पाहिजे. हा युक्तिवाद न्याय्य आहे. या प्रदेशातील सर्व जातींच्या व सर्व पक्षांच्या लोकांनी तो मांडला आहे.

योगायोग असा की, राखीव जागांच्या भरतीतही हाच शब्द वापरला जातो. न भरलेल्या राखीव पदांनाही ‘अनुशेष’च म्हणतात. परंतु पहिला अनुशेष उच्चारताना अभिमानाने ताठ होणारी मान दुसरा अनुशेष उच्चारताना आखडते. तेथे लगेच गुणवत्तेचा प्रश्न पुढे येतो. प्रदेशाला लावलेले माप प्रदेशातील वस्तीला लावायचे नाही, ही या भागाच्या विचारविश्वातील सर्वांत मोठी विसंगती आहे.

नामांतर आंदोलनाने ही विसंगती उघडी केली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर विभागात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. वाद विद्यापीठाच्या नावाचा होता. पण विद्यापीठ म्हणजे पदवी आणि पदवी म्हणजे नोकरी, हे समीकरण गावाला ठाऊक होते. येसकराचा मुलगा साहेब होतो, ही गोष्ट गावगाड्याला नवी होती. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तोवर साडेपंधरा वर्षे लोटली होती. येथे विचारात घेतलेली चारही पुस्तके या साडेपंधरा वर्षांत प्रकाशित झाली आहेत. त्यांच्यातील नोकरीचे प्रकरण या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

३. काम आहे, नोकरी नाही

‘आठवणींचे पक्षी’ हे उदगीर परिसरातील बालपणाचे कथन आहे. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेला मुलगा बहिणीच्या आश्रयाने वाढतो, पडेल ते काम करीत शिकतो आणि पुढे औरंगाबाद येथील (आजचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणात पोहोचतो. पुढे प्राध्यापक झालेल्या लेखकाने हे अनुभव सलग चरित्र म्हणून न मांडता सुट्या आठवणींच्या रूपात मांडले आहेत. या सुटेपणाला काही वाचक रचनेचा दोष मानतील; परंतु ज्याच्या आयुष्यात उद्याची खात्री नाही त्याच्या आठवणींना सलगता कोठून येणार, असेही म्हणता येईल.

या पुस्तकातून नोकरीविषयी मिळणारी पहिली दृष्टी अशी की, दलित माणसाला कामाची वाण कधीच नव्हती. मेलेले ढोर ओढणे, सरपण फोडणे, सांगावा पोहोचवणे, दुसऱ्याच्या घरी राबणे ही कामे त्याच्यासाठी जन्मतःच राखून ठेवलेली होती. त्यांचा मोबदला भाकरीच्या रूपात आणि देणाऱ्याच्या मर्जीने मिळे. जे नव्हते ते काम निवडण्याचे स्वातंत्र्य, ठरलेला पगार आणि नाकारण्याचा अधिकार. गावगाडा हीसुद्धा एक आरक्षणव्यवस्थाच होती. तिच्यात हलकी कामे खालच्यांसाठी आणि हिशेब, वतन, विद्या वरच्यांसाठी राखीव होती. घटनेच्या अनुच्छेद १६ (४) ने आलेले आरक्षण हे या देशातील पहिले आरक्षण नव्हे, ही गोष्ट ‘आठवणींचे पक्षी’ कोठेही घोषणा न देता पटवून देते.

४. कागदावरचा उंबरठा

‘अक्करमाशी’चा नायक लातूरचा नव्हे, तो सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचा. मात्र टेलिफोन ऑपरेटरची नोकरी त्याला अहमदपूर व लातूर येथे आणते. दलित आई आणि सवर्ण पाटील बाप यांच्या पोटी जन्मलेल्या या मुलापुढे शाळेपासून एकच प्रश्न आहे : कागदावर काय लिहायचे? सवलतीच्या अर्जावर सरपंचाची सही हवी असते आणि बाप कोण, जात कोणती या पेचात ती सही अडते.

हा प्रसंग केवळ अनौरसपणाच्या वेदनेचा म्हणून वाचला जातो. रोजगाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. कोणत्याही नोकरीची वाट दाखला, सही, शिक्का, शिफारस अशा कागदांतून जाते. ज्याच्या घरात हे कागद पिढ्यान्‌पिढ्या आहेत त्याला ते मिळवावे लागतात हेच कळत नाही. तलाठी नात्यातला, मुख्याध्यापक ओळखीचा, सरपंच भावकीतला असणे, यास कोणी लाभ म्हणत नाही. त्याला ‘घरचं माणूस’ म्हणतात. मॅकिन्टॉश ज्याला न दिसणारी शिदोरी मानतात ती मराठवाड्याच्या खेड्यात अशी दिसते.

सरकारी नोकरीने ‘अक्करमाशी’च्या नायकाला पगार दिला, पण भाड्याच्या घराचा प्रश्न सुटला नाही. घरमालकाच्या प्रश्नापुढे खात्याचा शिक्का चालत नाही. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतही रेल्वेत नोकरीला लागलेला नायक खोलीसाठी जात लपवतो आणि ती उघड होताच मार खातो. दोन दशकांच्या अंतराने आलेल्या या दोन साहित्यकृतींत एकच निरीक्षण आहे. नोकरीच्या संधीची समता केवळ नेमणुकीच्या आदेशाने पूर्ण होत नाही; नोकरीच्या गावी सन्मानाने राहता येणे हा त्या संधीचाच भाग आहे.

५. गिरणीच्या दारात : ‘उचल्या’

लातूर तालुक्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या कायद्याने अनेक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला; पोलिसांच्या मनातील यादी मात्र रद्द झाली नाही. निजामाच्या मुलखातही भटक्यांकडे पाहण्याची नजर वेगळी नव्हती. ‘उचल्या’त चोरी हा जमातीचा एकमेव खुला व्यवसाय आहे आणि त्याचे रीतसर शिक्षणही दिले जाते. मारझोड सोसण्याची सवय लहानपणी लावली जाते, कारण पुढे पोलिसांचा मार हा त्या व्यवसायाचा अविभाज्य भाग आहे.

शाळेत गेलेला हा मुलगा लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो. बाकीच्या कामगारांसाठी गिरणी म्हणजे बारा तासांची राबणूक आहे. त्याच्यासाठी तीच राबणूक प्रतिष्ठेची आहे, कारण ती चोरी नव्हे. हा विरोधाभास पुस्तकाच्या गाभ्याशी आहे. पुढे कामगारांच्या हक्कासाठी संघटना उभारताना त्याची नोकरी जाते आणि तो पुन्हा रस्त्यावर येतो. नोकरी गमावणे सर्वांनाच जड जाते. परंतु ज्याच्या पाठीशी शेत, घर वा भावकी आहे त्याला परतायला जागा असते. ‘उचल्या’च्या नायकाला परतायचे तर चोरीकडेच परतावे लागते. संधीतील विषमता संधी मिळताना जेवढी दिसते त्याहून अधिक ती हुकल्यावर दिसते.

येथे रिचर्ड राईट यांच्या ‘ब्लॅक बॉय’ (१९४५) या आत्मकथनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. जॅक्सन शहरातील चष्म्याच्या कारखान्यात राईट यांना काम मिळते. मालक हुन्नर शिकवण्याचे आश्वासन देतो. पण तेथील दोन गोरे कामगार भिंग घासण्याचे काम गोऱ्यांचे आहे असे बजावून, एका क्षुल्लक संबोधनाचे निमित्त करून त्यांना हुसकून लावतात. मालकाची इच्छा चांगली असूनही भेदभाव होतो, ही त्या प्रसंगातील महत्त्वाची बाब आहे. जागा राखण्याचे काम वरून हुकूम न येताही सहकारी परस्पर करतात.

गुन्हेगारीच्या शिक्क्याविषयी समाजशास्त्रज्ञ दिवा पेजर यांनी अमेरिकेच्या मिलवॉकी शहरात केलेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास ‘उचल्या’च्या वाचकाला विचारात पाडणारा आहे. सारख्या पात्रतेचे तरुण नोकरीसाठी पाठवले असता, शिक्षा भोगल्याची नोंद सांगणाऱ्या गोऱ्या तरुणांना १७ टक्के ठिकाणांहून प्रतिसाद मिळाला. कसलीही नोंद नसलेल्या काळ्या तरुणांना केवळ १४ टक्के ठिकाणांहून. एकाचा सिद्ध गुन्हा दुसऱ्याच्या निर्दोष जन्मापेक्षा हलका ठरला. पाथरुट समाजातील ज्या मुलाने गिरणीत घाम गाळला, त्याच्याबाबत धनेगाव आणि मिलवॉकी यांत अंतर फारसे उरत नाही.

६. एक पदवी, दोन आडनावे : ‘अंतःस्फोट’

कुमुद पावडे यांचे लेखन नागपूरचे आहे. परंतु प्रस्तुत विषयावर त्याच्याइतका स्पष्ट पुरावा मराठीत विरळा. दलित घरातील मुलगी संस्कृत घेऊन एम. ए. उत्तम रीतीने उत्तीर्ण होते. तिच्या विद्वत्तेचे कौतुक होते, पण अध्यापनाची नोकरी मिळत नाही. आंतरजातीय विवाहानंतर सोमकुवर या आडनावाच्या जागी पावडे हे आडनाव येते आणि शासकीय महाविद्यालयात अधिव्याख्याता होण्याचा मार्ग मोकळा होतो. लेखिका त्याचे श्रेय स्वतःच्या मूळ नावाला देऊ शकत नाही. नोकरी मिळाल्याचा आनंद नोंदवताना ती नेमकी हीच सल नोंदवते.

पुढे संशोधकांनी मोठ्या प्रमाणावर केलेले प्रयोग या अनुभवाला दुजोरा देतात. बोस्टन व शिकागो येथे सुमारे पाच हजार अर्ज पाठवून केलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या बर्ट्रंड व मुल्लैनाथन यांच्या अभ्यासात, गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. भारतात सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवून २००७ साली निष्कर्ष मांडले. सारख्या पात्रतेच्या उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश आढळली. ‘अंतःस्फोट’ या प्रयोगांच्या कितीतरी आधी लिहिला गेला. आत्मकथन हा केवळ भावनिक दस्तऐवज आहे, असे मानणाऱ्या समीक्षेला हे उत्तर पुरेसे आहे.

या लेखनाच्या प्रकाशात वरील तिन्ही पुरुषी आत्मकथनांची एक मर्यादाही दिसते. त्यांत आई, आजी, बहीण अखंड राबताना दिसतात. पण त्यांचे श्रम नायकाच्या शिक्षणाची पार्श्वभूमी म्हणून येतात. त्यांनाही नोकरीची संधी असू शकली असती, हा प्रश्न तेथे उमटत नाही.

७. तुलनेच्या मर्यादा

गोऱ्या वर्णाच्या विशेषाधिकाराची संकल्पना जशीच्या तशी उचलता येत नाही. कातडीचा रंग दिसतो. जात दिसत नाही, ती विचारावी लागते. मराठवाड्यात आडनावावरून तिचा निश्चित पत्ता लागतोच असे नाही. गायकवाड, जाधव, पवार, शिंदे ही आडनावे अनेक जातींत आढळतात. म्हणून आडनावानंतर गाव विचारले जाते, गावानंतर गल्ली आणि गल्लीनंतर पाहुणे कुठले, हा प्रश्न येतो. वरवर आपुलकीचे वाटणारे हे प्रश्न म्हणजे जातीच्या तपासणीची पद्धत आहे. सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांतील नोकरभरतीचा अभ्यास करून २००७ साली दाखवले की, जात पाहत नाही असे सांगणारे अधिकारी उमेदवाराच्या कौटुंबिक पार्श्वभूमीला मात्र फार महत्त्व देतात. महानगरातील ‘पार्श्वभूमी’ आणि लातूरचे ‘पाहुणे’ यांत शब्दांपलीकडे भेद नाही.

दुसरा भेद असा की, अमेरिकेत मुख्य रेषा दोन वर्णांमधील आहे. जात ही उतरंड आहे. तिच्यात मधल्या पायरीवरचा माणूस एकाच वेळी वंचित आणि लाभार्थी असू शकतो. म्हणूनच एक आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या बेरोजगार मुलाला कसला आला विशेषाधिकार? २०२३ पासून जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथून उभे राहिलेले मराठा आरक्षणाचे आंदोलन, फेब्रुवारी २०२४ चा दहा टक्के आरक्षणाचा कायदा आणि हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदींबाबतचा २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय यांच्या मुळाशी शेतीची दैना आणि नोकऱ्यांची टंचाई आहे, हे नाकारता येत नाही.

तथापि विशेषाधिकार म्हणजे संपत्ती नव्हे. विशेषाधिकार म्हणजे वाटेवरील एक विशिष्ट अडथळा नसणे. गरीब सवर्ण तरुणाला दुष्काळ, कर्ज आणि बेकारी हे अडथळे आहेत. परंतु भाड्याच्या खोलीसाठी जात चोरण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. एकाचे दुःख मान्य केल्याने दुसऱ्याचे खोटे ठरत नाही. प्रदेशाचा अनुशेष आणि जातीचा अनुशेष एकत्र मोजता येतात. ते एकमेकांविरुद्ध उभे करण्याची गरज नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) दलित व विमुक्त आत्मकथनांत नोकरी ही मुक्तीची अंतिम खूण नाही. नोकरीपूर्वीचा कागद, नोकरीतील शिक्का आणि नोकरीबाहेरचे घर अशा तीन ठिकाणी जात तिला अडवते.

२) या लेखनाचे मूल्य दुःखाच्या नोंदीपुरते नाही. इतरांना न दिसणारी सोय ते दृश्य करते. ‘अंतःस्फोट’सारखे लेखन तर पुढील सामाजिक संशोधनाचा निष्कर्ष आधीच मांडते.

३) वंशविषयक संकल्पनेचा उपयोग येथे होतो, परंतु जातीची उतरंड आणि ती ओळखण्याची प्रश्नोत्तरी लक्षात घेऊनच.

४) मराठवाड्याने स्वतःसाठी मांडलेले अनुशेषाचे तत्त्व हेच जातीय अनुशेष समजून घेण्याचे सर्वांत जवळचे साधन आहे. त्यासाठी बाहेरून तत्त्वज्ञान आणावे लागत नाही.

ही पुस्तके अनेक ठिकाणी पदवी व पदव्युत्तर वर्गांत अभ्यासली जातात. त्यांतील भुकेचे प्रसंग शिकवताना वर्ग हळहळतो आणि हळहळून मोकळा होतो. नोकरीचे प्रकरण शिकवताना तसे मोकळे होता येत नाही. कारण निवड समिती, बिंदुनामावली, तासिका तत्त्वावरील नेमणूक आणि मुलाखतीच्या शेवटी सहज विचारलेले ‘मूळ गाव कोणतं?’ हे सारे महाविद्यालयाच्या आवारातच घडते. ‘अक्करमाशी’ आणि ‘उचल्या’ यांची खरी परीक्षा प्रश्नपत्रिकेत होत नाही. ती शिकवणारा जेव्हा निवड समितीच्या खुर्चीवर बसतो, तेव्हा होते.